सात मिनिटांचा थांबा सात मिनिटांचाच लिहा



आज पिकावर लिहीत नाही, गाडीवर लिहितोय. टोमॅटोचे तोडे सुरू झालेत, नारायणगाव पट्ट्यातून रोज गाड्या भरून बाहेर चालल्यात आणि त्याबरोबर दरवर्षीची भांडणंही सुरू झालीत. माल गरम का झाला, गाडी उशिरा का पोचली, ड्रायव्हर कुठं झोपला होता. या भांडणांचं उत्तर एका वहीत सापडायला पाहिजे, पण ते तिथं नसतं. ती वही म्हणजे ड्रायव्हरची वही. तिच्यात गाडी निघाल्याची वेळ असते, पोचल्याची वेळ असते, डिझेल किती टाकलं ते असतं, टोल असतो, हमाली असते. मधले छोटे थांबे नसतात. असले तर "चहापाणी" एवढाच एक शब्द.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी जिथं जिथं थांबली तो प्रत्येक थांबा, पाच मिनिटांचा का असेना, खऱ्या मिनिटांसकट आणि कारणासकट वहीत आला पाहिजे. तो लिहून घ्यायचा आग्रह भाडं देणाऱ्यानं, म्हणजे आपण शेतकऱ्यांनी धरला पाहिजे. आणि लिहिलेल्या थांब्याचे पैसे कोणी कापायचे नाहीत, हेही आपणच बोलून घेतलं पाहिजे. पहिलं म्हणणं सगळ्यांना पटतं. दुसऱ्यावर मंडळी गप्प बसतात.

"पाच-दहा मिनिटांत काय होतंय" असं जो तो म्हणतो. म्हणून एक हिशोब मांडून दाखवतो.

आपली दिल्लीची गाडी नाशिकवरून आग्रा रोडला लागते. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग बिजासनचा घाट, सेंधवा, इंदूर, गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेर करत आझादपूर. तेरा-चौदाशे किलोमीटरचा पल्ला. त्यातला चांदवडच्या टोलपासून शिरपूरच्या टोलपर्यंतचा तुकडा घ्या, साधारण एकशे चाळीस किलोमीटर. समजा चांदवडला रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी टोल कापला आणि शिरपूरला १ वाजून २५ मिनिटांनी. मध्ये गेले पावणेचार तास, म्हणजे २२५ मिनिटं. वहीत काहीच लिहिलेलं नसेल तर मालक हिशोब करतो, ताशी सदतीस किलोमीटरची सरासरी. चौपदरी रस्त्याला एवढी कमी? मग हा नक्की कुठंतरी झोपला. झाला ड्रायव्हर चोर.

आता त्याच तुकड्यात ड्रायव्हरनं तीन ओळी लिहिल्यात असं धरा. मालेगावच्या पुढं रस्सी सैल झाली म्हणून गाडी बाजूला घेतली, रस्सी आवळली, ताडपत्री ओढली, १२ मिनिटं. धुळ्याला डिझेल, पंपावर रांग, २२ मिनिटं. पुढं चहा, चाकं ठोकून बघितली, ११ मिनिटं. एकूण ४५. राहिली १८० मिनिटं, म्हणजे बरोबर तीन तास, सरासरी सत्तेचाळीसच्या आत. भरलेल्या गाडीला रात्रीची ही चाल अगदी बरोबर आहे. कोणाला काही विचारायची गरजच पडत नाही.

पण खरी मेख पुढं आहे. समजा त्याच ड्रायव्हरनं कंटाळा केला आणि तीन ओळींच्या जागी एकच ओळ लिहिली, "धुळे, विश्रांती, ४५ मिनिटं". बेरीज तीच आहे. कोणी म्हणेल काय बिघडलं? बिघडलं हे, की या माणसाला पाऊण तास विश्रांती मिळाली असं वही सांगतेय आणि प्रत्यक्षात तो एक मिनिटभर आडवा झालेला नाही. बारा मिनिटं तो गाडीवर चढून रस्सी ओढत होता. बावीस मिनिटं रांगेत गाडी पुढं पुढं घेत होता. आणि आता रात्री दीडला तो बिजासनच्या घाटाला लागणार आहे. छोटे थांबे गाळले तर वही ड्रायव्हरला आळशी ठरवते, आणि छोटे थांबे जोडून एक केले तर वही त्याला ताजातवाना ठरवते. दोन्ही वेळेला वही खोटी आणि दोन्ही वेळेला मार त्यालाच.

छोटा थांबा म्हणजे विश्रांती नव्हे, हे कायदा करणाऱ्यांना फार आधी कळलेलं आहे. १९६१ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. दिवसाचे तास आठ होते. लांबच्या रस्त्याला मंजुरी घेऊन वाढवले तरी दहाच्या वर नव्हते. त्याच कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या बघण्यासारखी होती. गाडी भरणं, उतरवणं, तिची देखभाल, नोंदी करणं हे सगळं कामातच धरलं होतं. आणि ठेप्यावर नुसतं हजर राहून ताटकळायची वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर तीही कामातच. म्हणजे पंधरा मिनिटांच्या आतल्या ताटकळण्याला आराम म्हणायचं नाही, असं कागदावर लिहून ठेवलं होतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ नंही ड्रायव्हरच्या तासांसाठी त्याच कायद्याकडं बोट दाखवलं. आता हे पाळलं कोणी, ते मला विचारू नका. दिल्लीची गाडी आठ तास चालवून उभी केलेली मी तरी बघितलेली नाही.

बाहेरच्या देशांतही हाच धडा आहे. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची सुट्टी घ्यावी लागते. ती दोन तुकड्यांत घेता येते, पण पहिला तुकडा निदान पंधरा मिनिटांचा आणि दुसरा निदान तीसचा पाहिजे. नऊ मिनिटांचे पाच थांबे जोडून पंचेचाळीस झाले असं तिथं चालत नाही. अमेरिकेतल्या ड्रायव्हरच्या कागदी लॉगवर एका तासाचे चार घर असतात, पंधरा-पंधरा मिनिटांचे. मग सहा मिनिटांचा थांबा कुठं दाखवायचा? तर त्या जागी रेघ खाली शेऱ्याच्या पट्टीत ओढायची आणि तिथं "६ मिनिटं" आणि ठिकाण लिहायचं. घर लहान पडलं म्हणून थांबा गाळायचा नाही आणि फुगवून पंधराचा करायचा नाही. मला ही पद्धत फार आवडली. आपल्या शाळेच्या वहीत तर घरंच नाहीत, आपल्याला अडचण कसली?

आता मालाकडं येतो, कारण हे पान वाचणारे बरेच जण कृषी पदवीधर आहेत आणि त्यांना हाच भाग कामाचा वाटेल.

टोमॅटो तोडला तरी जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता सोडतो. दहा अंश तापमान वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं, हे आपण शिबिरात कितीदा ऐकलंय. गाडी चालू असते तोवर क्रेटच्या फटीतून वारा फिरतो. गाडी थांबली की वारा थांबतो. मधल्या रांगेतल्या, तळाच्या क्रेटची उष्णता जागच्या जागी कोंडते. रात्री नऊ मिनिटं थांबल्यानं काही होत नाही, हे मान्य. पण दुपारी दीडला शिवपुरीच्या अलीकडं डांबरी रस्त्याच्या कडेला, ताडपत्री घट्ट बांधलेली, पंचवीस मिनिटं, आणि तासाभरानं परत वीस मिनिटं, याचा परिणाम वेगळा. म्हणून मिनिटांबरोबर वेळ पाहिजे, आणि सावली होती का ऊन, हेही एका अक्षरात पाहिजे.

द्राक्षाच्या निर्यातीच्या कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र टाकतात. आपल्या उघड्या गाडीतही एक मधल्या क्रेटमध्ये आणि एक कडेच्या क्रेटमध्ये ठेवून बघायला काय हरकत आहे? पण त्याच्या आलेखात दुपारी दोनला उंचवटा दिसला तर तो कशाचा, हे यंत्र सांगणार नाही. वही शेजारी ठेवली तरच कळेल की गाडी तेव्हा पंक्चरच्या दुकानात उभी होती. कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींनी एका हंगामात दहा गाड्यांचं असं बघितलं तर ताडपत्री कुठं सैल करायची, कुठल्या वेळेला थांबायचंच नाही, हे आपल्याला ठामपणे सांगता येईल. आज आपण सगळे अंदाजानं बोलतोय, त्यात मीही आलो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही सहा जणांनी मिळून भरलेली गाडी होती. आडत्याचा फोन आला, मधले साठ क्रेट मऊ पडलेत, भाव तोडून द्यावे लागले. ट्रान्सपोर्टवाल्यानं लगेच ड्रायव्हरवर ढकललं, हा सेंधव्याला तीन तास झोपला होता. ड्रायव्हर म्हणाला, झोपलो नाही, पंक्चर होतं आणि चहा, सगळं मिळून अर्धा तास. त्याची वही मागितली. तिच्यात होतं, "सेंधवा, चहा, पंक्चर". बास. ना वेळ, ना मिनिटं. त्याच्या भत्त्यातून तीन हजार कापले. आठ दिवसांनी टोलचे मेसेज जुळवले, तर त्या तुकड्यात नेहमीपेक्षा तासभर जास्त गेलेला दिसला. तीन तास नव्हते आणि अर्धा तासही नव्हता. पण त्या तासात पंक्चर किती आणि झोप किती हे शेवटपर्यंत कोणालाच सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानं साठ क्रेट मऊ पडतील का, हाही प्रश्न आहे. माल मुळात पिकून तोडलेला असू शकतो. कशाचाच छडा लागला नाही. साठ क्रेटचे पैसे आमचे गेले, तीन हजार त्याचे गेले, आणि त्यानं आमच्याकडची फेरी सोडली. आमच्या रस्त्यावरचा सगळ्यात सांभाळून चालवणारा माणूस होता तो. आता दुसरीकडं सिमेंट वाहतो.

ड्रायव्हर थांबे का लिहीत नाहीत, याचं उत्तर यातच आहे. लिहिलं की कापतात. "गाडी अमुक वेळेत पोचली नाही तर भाड्यात एवढे कमी" अशी बोली आपण करतो, ट्रान्सपोर्टवाला ती ड्रायव्हरच्या गळ्यात घालतो, मग तो थांबलेली दहा मिनिटं कशाला लिहील? ज्या वहीनं माणसाचा भत्ता जातो ती वही खरी राहूच शकत नाही. आमच्या गटानं गेल्या हंगामापासून बोली बदलली. लिहिलेल्या थांब्याचे पैसे कापायचे नाहीत. उशीर झाला तर आधी वही बघायची, मग बोलायचं. ट्रान्सपोर्टवाला कुरकुरला, पण गाडी आम्ही भरतो म्हटल्यावर ऐकलं.

लगेच सगळं सुधारलं असं सांगणार नाही. तीन ड्रायव्हर आमच्याकडं येतात. एकानं सरळ सांगितलं, "भाऊ, मी गाडी चालवू का कारकुनी करू?" त्याच्या क्लीनरला वही दिली, तो पोरगा बारावी झालेला आहे, झकास लिहितो. दुसरे वयस्कर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते पहिल्या फेरीपासून मिनिटानं लिहितात. अक्षर लागत नाही पण आकडे लख्ख. तिसऱ्याची वही बघितली तर सगळे थांबे दहा-दहा मिनिटांचे. डिझेल दहा, जेवण दहा, पंक्चरही दहा! असं कुठं असतंय का? खऱ्या वहीत ७ असतं, १३ असतं, २२ असतं. सगळे आकडे गोल आले की समजायचं वही मुक्कामावर बसून एकदम भरलीय. हे आपल्याला नवीन नाही म्हणा. तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनानं भरलेल्या फवारणीच्या वह्या आपल्या भागात काही कमी नाहीत.

लिहायला फार काही लागत नाही. डॅशबोर्डला दोऱ्यानं बांधलेलं पेन आणि पाठकोरी वही. गाडी थांबली की मोबाईलवरची वेळ, हलायच्या आधी परत वेळ. ठिकाण म्हणून जवळचा ढाबा, पंप किंवा किलोमीटरचा दगड. कारण एका शब्दात. हलायच्या आधी लिहायचं हे महत्त्वाचं, कारण चालत्या गाडीत लिहायचं नाही आणि पुढच्या थांब्यावर मागची मिनिटं आठवत नाहीत. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, कशातही लिहा, घड्याळ सगळ्यांना कळतं.

अण्णांनी एक चांगला प्रश्न काढला. ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, पाय क्लचवर, इंचा-इंचानं सरकतेय, हा थांबा का? माझ्या मते नाही. हात स्टिअरिंगवर आहेत तोवर ते चालवणंच. पण शेऱ्यात "जाम, ४० मिनिटं" लिहावं, कारण मालाला तो थांबाच आहे. हँडब्रेक ओढून इंजिन बंद केलं की थांबा सुरू. आणि काही थांबे असे असतात की त्यांचं कारण लिहायची सोय नसते. रस्त्यात कोणी हात करून गाडी बाजूला घ्यायला लावतं, कागद बघतं, आणखी काय काय बघतं. अण्णा तिथं लिहितात, "विचारपूस, ९ मिनिटं". पुरे आहे.

बरेच जण म्हणतात, आता जीपीएस आहे, फास्टॅगचे मेसेज येतात, वही कशाला? फास्टॅगचा मेसेज गाडीमालकाच्या मोबाईलवर जातो, शेतकऱ्याच्या नाही, आणि तो दोन नाक्यांच्या मधलं काही सांगत नाही. जीपीएस गाडी उभी होती एवढं सांगतं. माणूस झोपला होता, का गाडीखाली पालथा पडून नट आवळत होता, हे त्याला कुठून कळणार? अमेरिकेत गाड्यांना लॉगचं यंत्रच बसवायला लावलंय. गाडी पाच मिनिटं हलली नाही की ते ड्रायव्हरला विचारतं, आणि मिनिटभरात उत्तर आलं नाही तर "ड्यूटीवर, पण चालवत नाही" असं नोंदवून टाकतं. म्हणजे एवढ्या महागड्या यंत्रालाही शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

राहिला आपल्या बांधावरचा भाग. यावर कोणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. ड्रायव्हरची वही गाडी गावाबाहेर पडल्यावर सुरू होते. त्याच्या आधी काय होतं? दुपारी दोनला गाडी बोलावलेली असते. पहिल्या वावरात माल तयार नसतो, पाऊण तास. दुसऱ्याकडं शंभर क्रेट, वीस मिनिटं. तिसऱ्याचा रस्ता ओला, गाडी मागं घेताना पंधरा मिनिटं. मग काट्यावर रांग. मग ताडपत्री. सात-साडेसातला गाडी हलते आणि वहीत पहिली ओळ पडते, "संध्या. ७.३०, निघालो". तो माणूस तेव्हा साडेपाच तास कामावर आहे आणि वहीप्रमाणे त्याचा दिवस आत्ता सुरू होतोय! हे थांबे ढाब्यावरचे नाहीत, आपल्या वावरातले आहेत, आणि उशिराची बोंब मारताना ते कोणी मोजत नाही. म्हणून वहीची पहिली ओळ गाडी पहिल्या बांधाला लागली तिथून पाहिजे, आणि त्या ओळीवर शेतकऱ्याची सही पाहिजे. आमच्या गटात यावर अजून एकमत नाही. दोघे म्हणतात, आपणच आपल्या विरुद्ध कागद कशाला करून द्यायचा? मी म्हणतो, दुसऱ्याच्या सात मिनिटांचा हिशोब मागायचा असेल तर आपले पंचेचाळीस आधी मांडा.

फवारणी कुठली, किती, किती वाजता, काढणीपूर्वी किती दिवस सोडले, हे द्राक्षवाले निर्यातीसाठी लिहितातच, आता टोमॅटोवालेही लिहायला लागलेत. क्रेट गाडीत चढला की आपली नोंद संपते आणि पुढचे दीड-दोन दिवस माल कोणाच्याच वहीत नसतो.

सोमवारी आमची पुढची गाडी भरतेय, अण्णांचीच. यावेळी मधल्या आणि कडेच्या क्रेटमध्ये दोन तापमापक टाकायचं ठरलंय, एका कृषी पदवीधर पोरानं द्यायचं कबूल केलंय. अण्णांना विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, "टाका की. फक्त वही संपत आलीय, नवीन कोण देणार ते ठरवा."